सूर्यावर डाग नाहीत, मग सेट कपाटात ठेवायचा का?

गेल्या पावसाळ्यात आपल्या हॅम रेडिओ क्लबच्या खोलीत भिंतीतून पाणी झिरपलं. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातली जुनी लॉगबुकं ओली झाली आणि ती पंख्याखाली पसरून वाळवायचं काम माझ्याकडे आलं. लॉगबुक म्हणजे कोणाशी, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलणं झालं याची नोंदवही. वाळवता वाळवता मी ती वाचतच बसलो. त्या रात्री मेसचं जेवणही चुकलं.

२०१४ ची वही गच्च भरलेली आहे. जपान, जर्मनी, दक्षिण आफ्रिका, बहुतेक सगळं २८ मेगाहर्ट्झवर आणि तेही भर दुपारी. २०१७ पासून नोंदी विरळ होतात. २०१९ च्या वहीत जेमतेम सहा पानं लिहिलेली आहेत आणि शेवटच्या नोंदीखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "बँड डेड. सेट कपाटात ठेवला." त्यानंतर २०२२ पर्यंत कोरी पानं. मधली दोन वर्षं लॉकडाउनची होती हे मान्य. पण सेट त्याच्या आधीच कपाटात गेला होता.

मी २०२३ मध्ये क्लबमध्ये आलो तेव्हा कुठलाही वायरचा तुकडा लावला तरी युरोप ऐकू यायचं. आम्हाला वाटायचं, आपण भलतेच हुशार! खरं तर सगळी मेहनत सूर्य करत होता. चालू सौरचक्राची कमाल ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास होऊन गेली. आता उतार सुरू झाला आहे आणि पुढचं किमान २०३० च्या आसपास अपेक्षित आहे. तेव्हा या खोलीत जी मुलं असतील ती आज शाळेत आहेत. त्यांनीही "बँड डेड" लिहून सेट कपाटात ठेवू नये, यासाठी हा लेख.

आकाशातला आरसा

आधी थोडी थिअरी. पृथ्वी गोल आहे आणि रेडिओलहरी साधारण सरळ जातात. मग मुंबईचा सिग्नल टोकियोला कसा पोचतो? उत्तर आपल्या डोक्यावर आहे. सुमारे ६० कि.मी.पासून वर सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण हवेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात. या भागाला आयनोस्फिअर म्हणतात. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे त्याला मराठीत 'आयनांबर' असा सुंदर शब्द आहे हे मला या लेखासाठी विश्वकोश उघडल्यावर कळलं.

आयनांबराचे मुख्य थर तीन. साधारण ६० ते ९० कि.मी.वर 'डी', त्याच्या वर 'ई' आणि २०० ते ४०० कि.मी.च्या पट्ट्यात 'एफ'. लांब पल्ल्याचं काम प्रामुख्याने एफ थर करतो. सिग्नल तिथे वाकतो, खाली येतो, जमिनीवरून किंवा समुद्रावरून उसळतो आणि पुन्हा वर जातो. एका उडीत ३,००० ते ४,००० कि.मी. सहज पार होतात.

आता सूर्याचं चक्र. जर्मनीतल्या हाइनरिश श्वाबे नावाच्या हौशी निरीक्षकाने सूर्यावरचे डाग वर्षानुवर्षं मोजले आणि ते ठरावीक काळाने वाढतात-घटतात हे १८४३ मध्ये जाहीर केलं. हे चक्र सरासरी ११ वर्षांचं आहे. डागांच्या भोवतालचा चुंबकीय खळबळीचा भाग जास्त अतिनील आणि क्ष-किरण फेकतो. डाग कमी म्हणजे किरण कमी, किरण कमी म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन कमी. २००८ आणि २००९ या दोन्ही वर्षांत जवळजवळ २६० दिवस असे होते की सूर्यावर एकही डाग नव्हता. २०१९ मध्ये असे दिवस २७० हून जास्त होते. म्हणजे आमच्या त्या पेन्सिलवाल्या सीनिअरची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

इलेक्ट्रॉन पाव, फ्रिक्वेन्सी अर्धी

सेकंड इयरच्या पोरांनाही झेपेल असं गणित करू. एफ थराच्या एका घनमीटरमध्ये जितके सुटे इलेक्ट्रॉन असतील त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि ९ ने गुणायचं. जी संख्या येते ती हर्ट्झमध्ये 'क्रिटिकल फ्रिक्वेन्सी'. सरळ वर पाठवलेला सिग्नल या फ्रिक्वेन्सीपर्यंत परत येतो, त्याच्या वरचा अवकाशात निघून जातो. पण आपण सिग्नल तिरका पाठवतो. ३,००० कि.मी.च्या उडीसाठी ढोबळमानाने या आकड्याची तिप्पट धरायची. ती झाली त्या मार्गाची कमाल फ्रिक्वेन्सी.

उदाहरणादाखल तीन प्रसंग घेऊ.

पहिला, सौर कमाल आणि भर दुपार. घनमीटरला १.४४ लाख कोटी इलेक्ट्रॉन धरा. क्रिटिकल फ्रिक्वेन्सी १०.८ मेगाहर्ट्झ, तिप्पट केली की ३२. म्हणजे २८ चा बँड उघडा. मजाच मजा.

दुसरा, सौर किमान आणि भर दुपार. इलेक्ट्रॉन पावपट, म्हणजे ३६,००० कोटी. क्रिटिकल फ्रिक्वेन्सी ५.४, तिप्पट १६. आता २८ आणि २१ दोन्ही बंद. पण १४ चालू आहे!

तिसरा, किमानातलीच रात्र. इलेक्ट्रॉन १०,००० कोटी. क्रिटिकल फ्रिक्वेन्सी सुमारे २.८, तिप्पट ८.५. म्हणजे १४ बंद, पण ७ चालू.

लक्षात आलं? इलेक्ट्रॉन पाव झाले तरी फ्रिक्वेन्सी फक्त अर्धी होते, वर्गमूळाची कृपा. दुकान बंद पडत नाही, ते खालच्या मजल्यावर हलतं. २०१९ मध्ये आमचे सीनिअर वरच्या मजल्यावरच दार ठोठावत बसले.

किमानाची चांगली बाजू

खालच्या बँडना एक जुना शत्रू आहे, तो म्हणजे डी थर. तो सिग्नल वाकवण्यापेक्षा गिळतो आणि फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका जास्त गिळतो. ढोबळ नियम असा की फ्रिक्वेन्सी निम्मी केली तर डेसिबलमधलं नुकसान चौपट. त्यामुळे ३.५ मेगाहर्ट्झ दिवसा लांब जातच नाही. पण डी थर सूर्य मावळल्यावर झपाट्याने विरतो. १९०२ च्या फेब्रुवारीत 'फिलाडेल्फिया' जहाजावर मार्कोनीला हेच दिसलं. दिवसा सिग्नल सुमारे १,१०० कि.मी.वर संपायचा, रात्री मात्र २,५०० कि.मी.वर पूर्ण संदेश छापून यायचे. कारण त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. सूर्य शांत असला की डी थरही पातळ असतो, म्हणजे गिळणं कमी. शिवाय सौरवादळं आणि त्यामुळे होणारी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खळबळ कमी असते, त्यामुळे ध्रुवाजवळून जाणारे मार्ग जास्त दिवस शाबूत राहतात. म्हणून १.८ आणि ३.५ मेगाहर्ट्झवर दूरचे देश गाठणारी मंडळी सौर किमानाची वाट बघत असतात. आपण ज्याला दुष्काळ म्हणतो तो त्यांचा सुगीचा हंगाम!

शंभर वर्षांपूर्वीचे पोरटे

हे नुसतं कागदावरचं नाही, याला इतिहास साक्षी आहे. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीवर ढकललं होतं, कारण या लहरी लांब जाण्याच्या कामाच्या नाहीत असा तज्ज्ञांचा समज होता. १९२३ च्या ऑगस्टच्या सुमारास सौर किमान आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधून फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधल्या नीसमधून लेऑन देलॉय यांनी ११० मीटरच्या आसपास अटलांटिकपार दुतर्फा संपर्क केला. हौशी रेडिओतला हा असा पहिलाच संपर्क. रात्र, हिवाळा आणि शांत सूर्य, तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या.

त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं. १८ ऑक्टोबर १९२४ ला न्यूझीलंडमधल्या शॅग व्हॅलीत मेंढपाळीच्या फार्मवरून फ्रँक बेल मोर्समध्ये हाक देत होता. त्याला उत्तर मिळालं लंडनच्या मिल हिल शाळेतून. उत्तर देणारा सेसिल गॉयडर त्या शाळेचा विद्यार्थी होता, वय १८! अंतर सुमारे १९,००० कि.मी., म्हणजे पृथ्वीवर याहून फार लांब जाताच येत नाही. लंडनमध्ये सकाळ होत होती आणि न्यूझीलंडमध्ये संध्याकाळ.

या गॉयडरचा आपल्याशीही संबंध आहे. १९३६ मध्ये तो भारतात ऑल इंडिया रेडिओचा चीफ इंजिनिअर म्हणून आला आणि पुढची दहा वर्षं त्याने इथे काम केलं. म्हणजे आपल्या आजोबांनी रेडिओवर जे ऐकलं त्यामागे शाळेच्या खोलीत सौर किमानाच्या काळात मोर्सची कळ बडवणारा एक पोरगा होता. आपल्याकडे तर त्याच्या मानाने शंभरपट चांगला सेट आहे.

आमची रंगीत तालीम

हे सगळं वाचल्यावर आम्ही चौघांनी ठरवलं, २०३० ची वाट कशाला बघायची? जानेवारीचा पूर्ण महिना १४ मेगाहर्ट्झच्या वर कोणी हात लावायचा नाही. सौर किमानाची रंगीत तालीम!

पहिला आठवडा लाजिरवाणा गेला. ७ मेगाहर्ट्झसाठी २० मीटर लांबीचा डायपोल हॉस्टेलच्या टेरेसवर टाकीपासून कठड्यापर्यंत बांधला होता, स्लॅबपासून जेमतेम ३ मीटर उंच. नागपूर, बेंगळुरू, कोलंबो झकास. त्यापुढे शुकशुकाट. चूक आमचीच. अँटेना तरंगलांबीच्या मानाने इतकी खाली असली की बहुतेक शक्ती सरळ डोक्यावर जाते. त्यातून जवळचे लोक मिळतात, लांबचे नाहीत. लांब जायचं तर सिग्नल क्षितिजाजवळून निघाला पाहिजे. मग बांबूंचे तुकडे जोडून १० मीटर उंच उभी तार केली आणि तिच्या बुडाशी टेरेसवर १६ तारा चक्राच्या आऱ्यांसारख्या पसरल्या. खर्च एका पिक्चरच्या तिकिटांपेक्षा कमी.

दुसरा आठवडा गोंगाटाचा. उभ्या तारेने जग ऐकू येण्याऐवजी आमचंच हॉस्टेल ऐकू यायला लागलं. मीटर कायम एस-९ वर. एका पहाटे लाइट गेली आणि बॅटरीवरच्या सेटमध्ये एकदम शांतता पसरली. मग छडा लावायला सोपं गेलं. व्हरांड्यातल्या एलईडी ट्यूबचे ड्रायव्हर आणि स्वस्तातले चार्जर हेच गुन्हेगार. वॉर्डन सरांनी पहाटे अर्धा तास व्हरांड्यातले दिवे बंद ठेवायची परवानगी दिली. त्यांचे इथे जाहीर आभार. मीटर एस-५ वर आला. एका एस-युनिटला ६ डेसिबल, म्हणजे २४ डेसिबलचा फायदा, तोही फुकट. एवढा फायदा पॉवर वाढवून मिळवायचा तर समोरच्याला १०० वॅटऐवजी २५ किलोवॅट लावावे लागतील!

तिसऱ्या आठवड्यात वेळेचं महत्त्व कळलं. सूर्योदय-सूर्यास्ताच्या सीमारेषेवर डी थर विरळ असतो आणि एफ थर मात्र टिकून असतो. हॅम लोक याला ग्रे लाइन म्हणतात. संध्याकाळी सूर्य मावळताना आपल्या पूर्वेला अंधार असतो, तेव्हा जपान आणि ऑस्ट्रेलिया. सकाळी उजाडताना पश्चिमेला अंधार असतो, तेव्हा आफ्रिका, युरोप आणि त्याच्याही पलीकडे. एका सकाळी ६.५० ला, दात घासायच्या आधी, मोर्सवर ब्राझीलचं स्टेशन मिळालं. १०० वॅट आणि बांबू! पाऊण तासाने तोच बँड असा रिकामा झाला की जणू काही घडलंच नव्हतं. आठ वाजता उठून सेट लावणाऱ्याने खुशाल "बँड डेड" लिहिलं असतं.

महिना संपला तेव्हा अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडातली एक तरी नोंद वहीत होती.

एक कबुली दिली पाहिजे. आमच्या तालमीत थोडी लबाडी होती, कारण सूर्य अजून पुरता शांत झालेला नाही. खऱ्या किमानात हिवाळ्याच्या उत्तररात्री ७ मेगाहर्ट्झसुद्धा काही मार्गांवर बंद होऊ शकतो आणि ३.५ वर उतरावं लागतं. त्यासाठी ४० मीटर लांबीची तार लागते. ती आपल्या दोन हॉस्टेलांच्या मध्ये बसते, मी पावलांनी मोजून आलोय.

पुढच्या बॅचसाठी

१. रोजचा सोलर फ्लक्स बघा. कॅनडातल्या पेंटिक्टनला १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर सूर्याची मोजणी होते. आकडा ७० च्या आसपास म्हणजे किमान, २०० च्या वर म्हणजे चंगळ. ७० दिसला की थेट १४ आणि त्याखाली जा.

२. के-इंडेक्सही बघा. तो ० ते ९ असतो. १-२ असेल तर खालच्या बँडना उत्तम, ५ च्या वर गेला तर चुंबकीय वादळ. चक्राच्या उतारावर सूर्यावरच्या त्याच त्या भागातून वेगवान सौरवारा पुन्हा पुन्हा येतो आणि सूर्य आपल्याभोवती सुमारे २७ दिवसांत फिरतो. म्हणून आज बिघडलं तर कॅलेंडरवर २७ दिवसांनंतर खूण करून ठेवा.

३. २१ मेगाहर्ट्झ पूर्ण सोडू नका. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणूनच १९६३ मध्ये थुंबाचं रॉकेट केंद्र तिथे झालं. या रेषेच्या दोन्ही बाजूंना एफ थर जास्त दाट असतो. त्यामुळे दुपारनंतर उत्तर-दक्षिण मार्ग किमानातही उघडू शकतात. बाकी जगाला न मिळणारा हा आपला बोनस.

४. मोर्स शिका. बोलण्याच्या सिग्नलला सुमारे २,५०० हर्ट्झ रुंदी लागते, मोर्सला २५० चा फिल्टर पुरतो. गोंगाट एक दशांश, म्हणजे १० डेसिबलचा फायदा.

५. मोर्सचा कंटाळा असेल तर एफटी-८ वापरा. नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ही पद्धत २०१७ मध्ये आणली, चक्र उतरत असताना. टेलर यांचीच डब्ल्यूएसपीआर ही पद्धत २००८ ची, म्हणजे ऐन किमानातली. एफटी-८ मध्ये १५-१५ सेकंदांच्या पाळ्या असतात आणि २,५०० हर्ट्झमधल्या गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका सिग्नलही वाचता येतो. कॉम्प्युटरचं घड्याळ मात्र सेकंदाच्या आत बरोबर हवं.

६. आधी गोंगाट शोधा, मग पॉवर वाढवायचा विचार करा.

शेवटी, हे सगळं कशाला?

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असं मेसमध्ये मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची हॅम टीम पोर्ट ब्लेअरला होती. अंदमानसारख्या दुर्मीळ ठिकाणाहून जगाशी संपर्क करायचा, एवढाच त्यांचा हेतू होता. २६ तारखेला त्सुनामी आली, नेहमीची संपर्कयंत्रणा कोलमडली आणि तेच सेट माणसांचे निरोप पोचवायला लागले. त्सुनामी किंवा भूकंप सौरचक्राचं कॅलेंडर बघून येत नाहीत. ज्यांना फक्त सूर्य जोरात असतानाच सेट चालवता येतो, त्यांचा अशा वेळी उपयोग काय?

२०१९ चं ते पान मी खोडलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याला हे सांगणारं कोणी नव्हतं, एवढंच. वरचे सहा मुद्दे आणि बँडचं वेळापत्रक एका कागदावर लिहून, लॅमिनेट करून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. २०३० मध्ये कोणी सेट ठेवायला कपाट उघडलं, तर ते आधी दिसेल.

खोली कुठे आहे ते माहीत आहेच. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी या, चहा आमच्याकडून. आणि हो, हॅम लोक निरोप घेताना म्हणतात तसं, ७३!